तांब्याच्या उजव्या अंगाचा काळोख

"त्या काळ्यात माझी बहीण हाय, बसक्का. तू तितं उजेड पाडशील आन ती जाईल."

"काळ्यात कोण नाही. काळं म्हंजे उजेड कमी पडला. चूक ती. माझी चूक."

"मंग चव्वेचाळीस वर्सं मी चुकीला इबूत लावतीया व्हय?"

"लावतीस की! मी सांगितलं होतं का लाव म्हणून?"

हे भांडण सकाळी भाकऱ्या थापताना सुरू झालं होतं आणि दुपारचे अडीच वाजले तरी चालूच होतं. कस्तुराबाई माझी धाकटी जाऊ. तिचं वय अडुसष्ट, माझं चौऱ्याहत्तर. दोघींचे नवरे गेले, पोरं पुण्याला गेली, आणि सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या या तीन खोल्यांत आम्ही दोघी उरलो. आमची चूल एक, देव एक आणि भांडण रोजचं. एखाद्या दिवशी भांडलो नाही तर शेजारची सोजरबाई दार वाजवून विचारते, बरं आहे ना म्हणून.

आजचं भांडण मात्र मोठं होतं. ते एका फोटोवरून होतं.

फोटोत माणूस नाही. एक पितळी तांब्या, पाटीत रचलेल्या कडक भाकऱ्या, वाटीभर शेंगाचटणी आणि लसणाचा गड्डा. एवढंच. एक्याऐंशी साली मी काढला. माझ्या हातचा पहिला फोटो, जो मी मनात ठरवून, मांडून, मोजून काढला. डावीकडं खिडकी होती, त्यामुळं तांब्याची डावी बाजू अशी उजळलीय की हात लावावा. आणि उजवी बाजू काळी ठिक्कर. अर्धा तांब्या आहे, अर्धा नाहीच.

हा भाकरी-तांब्याचा फोटो आमच्या देवघरात टांगलेला आहे. त्याला हार असतो. कस्तुरा रोज लिंगपूजा झाली की उरलेली विभूती त्याच्या काचेला लावते. नवीन माणूस बघतो आणि हसतो. हसू दे.

कारण आमची थोरली जाऊ मायाक्का, कस्तुराची सख्खी थोरली बहीण, तिचा एकही फोटो घरात नाही. आम्हा लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवतात. भिंतीला टेकवून, विभूती लावून, हार घालून. मग फोटोवाल्याला बोलावतात, आणि तो शेवटचा फोटो घरात राहतो. मायाक्काला बसवलं तेव्हा सासऱ्यांनी मला सांगितलं, "बसव्वा, तुझ्याकडं कॅमेरा हाय की. तूच काढ." मी म्हणाले, रोल संपला. रोल संपला नव्हता. सात फोटो शिल्लक होते.

म्हणून कस्तुराकडं बहिणीचं काही असेल तर ते हा फोटो. तो काढताना मायाक्का तिथं उभी होती, त्या काळ्या बाजूला. एवढंच कस्तुराला ठाऊक. ती तेव्हा बाळंतपणाला माहेरी मोहोळला होती. ती आली ती दुसऱ्या दिवशी.

तिला जे ठाऊक नव्हतं ते तुम्हाला आधीच सांगून टाकते. लपवून लपवून कंटाळले मी.

माझं शिक्षण चौथी. फोटोचं शिक्षण रोलच्या डब्यातून निघणाऱ्या घडीच्या कागदावरून, तेही आकडे आणि चित्रं बघून. आमच्या ह्यांनी जुन्या बाजारातनं आणलेला डबा कॅमेरा, त्याला एक खिट्टी. दाबून धरली की डोळा उघडा, सोडली की बंद. खोलीत उजेड कमी म्हणून मी हिशेब केला होता, चाळीस अंक मोजायचे. आणि उजव्या बाजूला पांढरं कापड धरलं की खिडकीचा उजेड त्यावर आपटून परत तांब्यावर येतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अंगणात धोतरं वाळत घालताना माझं मलाच दिसलं होतं. मायाक्का नुकतंच सासऱ्यांचं धोतर धुवून पिळून आली होती. मी म्हणाले, अक्का, तेच धर की. ती हसली. म्हणाली, "तुझं खूळ." आणि धरलं.

मी मोठ्यानं मोजत होते. एकविसाला ती म्हणाली, "बसू… जरा…"

मी म्हणाले, "हलू नको."

मी वळून बघितलं नाही. कापड खाली गेलेलं मला कळलं, कारण तांब्याची उजवी बाजू विझली. मला राग आला. मी खिट्टी सोडली नाही. बावीस, तेवीस, चोवीस, असं चाळीसपर्यंत मोजलं, आणि मग वळले.

डॉक्टर म्हणाले, काळीज एकदम थांबलं, कुणाला काही करता आलं नसतं. डॉक्टरला ते एकोणीस अंक कुणी सांगितले नव्हते.

आता पुढं ऐका.

वैष्णवी म्हणून पुण्याची एक मुलगी माझे जुने फोटो पुस्तकात घेते आहे. हळदीचे, डोहाळजेवणाचे, सोलापूरच्या गड्डा यात्रेतले. तिला हा फोटो कळला कुठून कोण जाणे. फोनवर म्हणाली, "आजी, तो आहे तसाच द्या. त्या काळोखामुळेच तो भारी आहे." मला काळोख भारी सांगते! मी म्हणाले, बाई, तो काळोख म्हणजे चूक आहे, आणि चुकीचा फोटो मी माझ्या नावानं छापू देणार नाही. नवा काढून देते. आता माझ्याकडं चांगला कॅमेरा आहे, एलईडीचे दोन चौकोनी दिवे आहेत, उजेड मोजायचं यंत्र आहे. उजवा डोळा काचबिंदूनं गेला, पण डावा अजून काम करतो. तो जायच्या आत करायचं होतं.

खरं सांगायचं तर मला तो काळोख घरातून काढायचा होता. रोज सकाळी कस्तुरा त्याला विभूती लावायची आणि मी भिंतीकडं तोंड करून चहा प्यायची.

"भाकऱ्या केल्यास ना? मग झालं. आता तू बाजूला बस."

"केल्या. मायाक्कावानी पातळ जमल्या न्हाईत."

"तुझ्या जन्मात जमल्यात का कधी?"

"आन मी काय तितं उभी ऱ्हाणार न्हाई कापड धरून. आधीच सांगते."

"नको राहू. दिवा आहे मला उजव्या बाजूला. दिव्याला 'जरा' म्हणावं लागत नाही."

हे माझ्या तोंडातून कसं निघालं कळलं नाही. कस्तुरानं माझ्याकडं बघितलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर माझ्याकडं पाठ करून फतकल मारून बसली.

बाहेर चैत्राचं ऊन. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी खिडकीला दोन सोलापुरी चादरी दुहेरी करून ठोकल्या, दाराच्या फटीला गोणपाट लावलं. आपल्या दिव्याशिवाय दुसरा उजेड आत नको. खोली अशी झाली की हाताला हात दिसेना. भर दुपारी तीन वाजता.

आधी फक्त डावा दिवा लावला. पद्धत अशी असते, एकेक दिवा लावून बघायचा, कोण काय करतं ते कळतं. उजवा दिवा बंद. डोळ्यांना दिसत होतं ते बरोबर होतं. तांब्याची डावी बाजू उजळ, उजवी काळी. फोटो काढला. पडद्यावर बघितला.

उजवी बाजू काळी नव्हती.

मऊ उजेड होता तिथं. दिव्याचा उजेड धारदार असतो, त्याला कड असते. हा तसा नव्हता. तांब्याच्या पोटावरून खालपर्यंत पसरलेला, दुधासारखा. भाकरीच्या कडेचे पापुद्रे मोजता येत होते.

मी उजव्या दिव्याकडं गेले. बटण बंद. वायर भिंतीतून काढली. परत फोटो. परत तोच उजेड. यंत्र तांब्याजवळ धरलं. यंत्र म्हणालं, उजवीकडं काही नाही, अंधार. माझा डोळा म्हणाला, अंधार. कॅमेरा एकटाच म्हणत होता, उजेड आहे.

"कस्तुरा, तू हललीस का?"

"मी कशाला हलू?"

"तुझं लुगडं पांढरं आहे का?"

"हिरवं हाय. काय डोळा गेला का दुसरा बी?"

मी टेबल भिंतीपासून ओढलं. उजवीकडं काळी घोंगडी टांगली. काळी घोंगडी उजेड गिळते, परत देत नाही. तिसरा फोटो काढला. उजेड तसाच होता, उलट जवळ आल्यासारखा.

मग मला तो वास आला. शेंगाचटणीच्या आणि गरम झालेल्या दिव्याच्या वासाखालून, हळूच. ओल्या सुताचा वास. नुकतंच पिळलेलं, नीळ घातलेलं सूत. चैत्रातल्या दुपारी या खोलीत ओलं काही नव्हतं.

"कस्तुरा… धुणं कुठं घातलंस?"

"गच्चीवर. कवाच वाळलं." मग हळू आवाजात, "का गं?"

"काही नाही."

मी घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. पण घाबरल्यावर माझे हात काम शोधतात. डोक्यात आलं, कुठूनतरी चोरटा उजेड येतोय, फार बारीक. तो कुठून येतो हे बघायचा एकच उपाय, दिवा अगदी कमी करायचा आणि कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा ठेवायचा. मी डावा दिवा ठिणगीएवढा केला. कॅमेऱ्याला केबलची कळ लावली. ही कळ बोटानं दाबून धरावी लागते, सोडली की मिटते. अडकवायची सोय तिला नाही.

"कस्तुरा, मी आता मोजणार. मध्ये बोलायचं नाही. चाळीस ऐकलंस की उठून मोठा दिवा लाव."

"चाळीसच का?"

"तेवढे लागतात म्हणून."

खोटं. तीस चालले असते.

मी कळ दाबली आणि मोजायला लागले. एक. दोन. तीन. अंधारात आपलाच आवाज दुसऱ्याचा वाटतो. दहाला तांब्याचा डावा गाल तेवढा दिसत होता. पंधराला वास दाट झाला. सतराला टप् असा आवाज आला, उजवीकडं, फरशीवर. पिळलेल्या कापडातून शेवटचा थेंब पडतो तसा. अठरा. एकोणीस. मला माहीत होतं, पुढं काय आहे. चव्वेचाळीस वर्षं रोज रात्री मी त्याच आकड्यापर्यंत येऊन थांबले आहे.

वीस.

एकवीस.

"बसू… जरा…"

मोठ्यानं नाही. अवघडलेल्या माणसानं, दुसऱ्याचं काम मोडू नये म्हणून जपून म्हणावं तसं. तेव्हासुद्धा ती अशीच म्हणाली होती. माझं काम मोडू नये म्हणून!

मी कळ टाकली. हातातून टाकूनच दिली, ती टेबलाच्या पायावर आपटलेली ऐकली. "आले, आले अक्का," म्हणत मी उजवीकडं गेले, दिव्यासमोरून, टेबलाला मांडी धडकून. हात पसरले. घोंगडी लागली, भिंत लागली. खाली बसले. फरशी चाचपली. "मायाक्का! मायाक्का, टेक माझ्यावर. टेक गं. मी वळले बघ, मी वळले…" फरशी एका जागी ओली होती. थंड. त्या ओल्यात माझा तळहात टेकला आणि मी तिथंच हाका मारत राहिले. किती वेळ, सांगता येणार नाही.

मग खट्ट झालं. मोठा दिवा लागला.

कस्तुरा बटणापाशी उभी होती. मी कोपऱ्यात, पदर सुटलेला, घोंगडी अंगावर पडलेली.

"आगं बाई! पडलीस का?"

"इतक्या हाका मारल्या, आली का नाहीस?" मी तिच्यावरच ओरडले.

"हाका? तू तर मोजत हुतीस की. मधी बोलू नको म्हणलीस, मी गप बसले. चाळीस झाले, दिवा लावला."

"मी एकविसाला थांबले."

"थांबलीस? आगं, बावीस, तेवीस… ठणठणीत मोजत हुतीस. मला वाटलं, म्हातारीचा घसा उघडला आज."

मग मी उठले आणि कॅमेऱ्यापाशी गेले. कळ टेबलाखाली पडली होती, सुटी. फोटो आला होता. कॅमेरा प्रत्येक फोटोखाली लिहून ठेवतो, डोळा किती वेळ उघडा होता. चाळीस सेकंद. कळ अडकली असती तर दिवा लागल्यावरही डोळा उघडाच राहिला असता, फोटो पांढरा झाला असता. तो चाळीसलाच मिटला होता. मी दिव्यासमोरून गेले, त्याचा डागसुद्धा फोटोत नव्हता.

आणि फोटो? मी पन्नास वर्षं फोटो काढते, तोंडदेखलं कौतुक कुणाचं करत नाही. तसा फोटो मला कधी जमला नाही. पितळ जिवंत होतं. उजव्या बाजूचा उजेड शेवटपर्यंत धरलेला होता, कुणाचा हात थरथरला नव्हता.

तेव्हा मी कस्तुराला सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच. एकवीस, "जरा", "हलू नको", आणि पुढचे एकोणीस. रोल संपला नव्हता तेही.

तिनं ऐकून घेतलं. मग जवळ आली आणि माझ्या दंडावर एक सणसणीत फटका मारला. हात मोठा आहे तिचा, भाकरीचा हात. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मारल्यावर तिनं तो हात तिथंच ठेवला, काढला नाही.

"चव्वेचाळीस वर्सं," ती म्हणाली. "माझ्या ताटात जेवलीस."

"जेवले."

"मला सांगायला काय झालं हुतं?"

"तू गेली असतीस सोडून."

"जाते कुटं? मोहोळला हाय कोण माझं आता?" मग पदरानं माझंच तोंड पुसलं, खसाखसा, पोराचं पुसावं तसं. "खुळी ती. खुळीच."

तेवढ्यावर मिटायला हवं होतं. पण मी कॅमेरा हातात घेतला आणि पुसायच्या बटणावर बोट ठेवलं.

"काय करतीस?"

"पुसते. हा माझा फोटो नाही. एकविसाला मी सोडला. पुढचे एकोणीस माझे नाहीत. जे मी केलं नाही त्यावर माझं नाव लागणार नाही."

"मंग तिचं लाव."

"आणि त्या पुण्याच्या पोरीला काय सांगू, आमची गेलेली जाऊ फोटो काढते म्हणून?"

"काय बी सांग. पुसायचा न्हाई."

"सकाळी काढू नको म्हणत होतीस!"

"सकाळी येगळं हुतं. आता हितं तिचा हात लागलाय. माझ्या बहिणीचा हाय त्यो."

"कॅमेरा माझा आहे!"

"भाकऱ्या माझ्या हायत!"

असं आमचं चाललं, सात-आठ मिनिटं तरी. मी तावातावानं बोलत होते, तिला खडूस म्हणाले, अडाणी म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. ती मात्र हळूहळू कमी बोलायला लागली. माझ्याकडं बघेना. मान उजवीकडं, त्या घोंगडीच्या बाजूला कललेली, आणि ओठ आपले बारीक हलताहेत. मला वाटलं, शिवनाम घेते आहे. मी आणखीच चिडले. म्हणाले, मी इथं बोलते आहे आणि तू जप काय करतेस, आता बघ, पुसलाच.

तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता, पण तोंडावर मी कधी बघितलं नव्हतं असं काहीतरी होतं, लहान मुलीसारखं. आणि अगदी हळू म्हणाली,

"चाळीसला ती मोजायची थांबली न्हाई, बसक्का… सातशे बारा झाले, आता तू तोंड मिट आन मला ऐकू दे."